इतिहासातलं वाक्य खोडायचा अधिकार कोणाचा? देशोदेशीची पब्लिक हिस्टरी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इतिहासात एम.ए. झालं आहे, पुढे परदेशात ‘पब्लिक हिस्टरी’ शिकावं असं मनात आहे. पण जितकी माहितीपत्रकं वाचावीत तितके या विषयाचे अर्थ सापडतात. कुठे तो संग्रहालयातल्या नोकरीचा अभ्यासक्रम वाटतो, कुठे कामगारांची चळवळ, कुठे जमिनीच्या दाव्यांचं काम. मग हे नेमकं आहे काय, आणि आपल्याकडे असं काही आहे का? शिवाय आईचं गाव कोयना धरणात गेलं, त्यावर काम करायचं आहे.

अर्थ वेगवेगळे दिसतात, कारण प्रत्येक देशात हा विषय तिथल्या एखाद्या न मिटलेल्या हिशेबातून उभा राहिला. मी संग्रहालयांसाठी मजकूर लिहितो आणि माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करतो. या कामात व्याख्या फारशी उपयोगी पडत नाही. कोणताही प्रकल्प समोर आला की मी आधी एवढंच बघतो, की लिहून झालेल्या मजकुरातलं वाक्य खोडायचा अधिकार कोणाकडे आहे. मंत्रालयाकडे, देणगीदाराकडे, प्राध्यापकाकडे, की ज्यांची ती गोष्ट आहे त्यांच्याकडे? हे कळलं की तो देश आणि ती संस्था बरीचशी उलगडते. खाली देश निवडलेत ते याच नजरेने, त्यामुळे बरेच सुटले आहेत.

एक गैरसमज आधी बाजूला करू. आपल्याकडे पब्लिक हिस्टरी म्हटलं की सोपा करून सांगितलेला इतिहास डोळ्यांसमोर येतो: गडावरची सहल, व्याख्यानमाला, टीव्हीवरची ऐतिहासिक मालिका, चार मिनिटांचा व्हिडिओ. यातलं पुष्कळ चांगलंही असतं. पण तिथे लोक श्रोते असतात. सगळं तयार झाल्यावर त्यांना आमंत्रण जातं. पब्लिक हिस्टरीत ते कच्च्या खर्ड्याच्या वेळीच खोलीत असतात, आणि तिथे ते नेहमी गोड बोलतात असं नाही.

नाव अमेरिकेचं. १९७६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत रॉबर्ट केली यांनी या नावाचा अभ्यासक्रम सुरू केला. त्या दशकात तिथे इतिहासात पीएच.डी. झालेल्यांना विद्यापीठांत जागा मिळेनाशा झाल्या होत्या. केली स्वतः पाण्याच्या आणि पुराच्या खटल्यांत तज्ज्ञ म्हणून उभे राहिलेले. सोन्याच्या खाणींचा गाळ सॅक्रामेंटो खोऱ्यात शेतकऱ्यांच्या मुळावर कसा आला, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. न्यायालयात, सरकारी खात्यात, कंपनीत इतिहासकाराला काम असतं हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. १९६६ च्या वारसा जतन कायद्याने मागणीही तयार केली होती. केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना लागणारा रस्ता असो की धरण, त्याने ऐतिहासिक ठिकाणाला धक्का लागतो का हे आधी तपासावं लागतं, आणि तपासायला माणसं लागतात. तिथल्या अभ्यासक्रमांना अजून नोकरीचा वास आहे. मला त्यात काही वावगं वाटत नाही. आपल्याकडच्या इतिहास विभागांना तो थोडा लागला तर बरंच होईल.

पण सरकारी पैशावर चालणाऱ्या इतिहासाचं काय होतं, तेही अमेरिकेनेच दाखवलं. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारं ‘एनोला गे’ विमान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या सरकारी पैशावर चालणाऱ्या संग्रहालय-संस्थेकडे होतं. घटनेला ५० वर्षं होत असताना विमान आणि वैमानिकांबरोबरच खाली जळालेल्या शहराचं काय झालं, बॉम्बची गरज होती का यावरचे मतभेद काय आहेत, हेही दाखवायचं क्युरेटरांनी ठरवलं. माजी सैनिकांच्या संघटना उसळल्या, सिनेटने ठराव केला, जानेवारी १९९५ मध्ये प्रदर्शन रद्द झालं आणि मे महिन्यात तिथल्या हवाई आणि अवकाश संग्रहालयाचे संचालक मार्टिन हार्विट यांनी राजीनामा दिला. नंतर विमानाचा पुढचा सांगाडा आणि बेताचा मजकूर एवढंच लोकांनी पाहिलं. इतिहासकार ही गोष्ट सेन्सॉरशिपची म्हणून सांगतात. ती तशी आहेच. पण ते माजी सैनिकही ‘लोक’च होते, आणि कच्च्या खर्ड्यावर त्यांनी बोट ठेवलं होतं. लोक म्हणजे आपल्या मताचे लोक असं धरून जे या क्षेत्रात येतात, त्यांना हे फार जड जातं.

अलीकडचं उदाहरण जास्त बोलकं आहे. व्हर्जिनियातलं मॉन्टपेलिअर ही चौथे अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांची जहागीर. तिथे राबणाऱ्या गुलामांच्या वंशजांना विश्वस्त मंडळात बरोबरीचा वाटा द्यायचं २०२१ मध्ये ठरलं. मार्च २०२२ मध्ये मंडळाने पाऊल मागे घेतलं, कर्मचाऱ्यांनी आणि देशभरच्या इतिहासकारांनी विरोध केला, आणि मे महिन्यात वंशजांनी सुचवलेल्या यादीतले सदस्य मंडळावर घ्यावे लागले. गुलामांच्या खोल्या दाखवायला, त्यांच्या नावाचं प्रदर्शन मांडायला कोणाची हरकत नव्हती. खुर्च्या वाटायची वेळ आली तेव्हा सगळं अडलं.

इंग्लंडमध्ये सुरुवात दुसरीकडून झाली. ऑक्सफर्डचं रस्किन कॉलेज कामगारांसाठीचं. १९६० च्या दशकात राफेल सॅम्युअल तिथे शिकवत. खाणीतून, रेल्वेतून आलेल्या विद्यार्थ्यांना ते सांगत, की आपापल्या धंद्याचा इतिहास तुम्हीच लिहा. त्यातून ‘हिस्टरी वर्कशॉप’ची चळवळ निघाली. तिथे नोकरीचा प्रश्नच नव्हता. लिहिणाऱ्याकडे नोकरी आधीच होती, आणि ती खाणीत होती.

आजच्या ब्रिटनबद्दल वाचायचं तर ब्रिस्टल वाचा. एडवर्ड कॉल्स्टन हा गुलामांच्या व्यापारातून गब्बर झालेला आणि शहराला भरपूर दानधर्म करून १७२१ मध्ये वारलेला माणूस. त्याचा पुतळा मात्र १८९५ चा, म्हणजे माणूस गेल्यावर पावणेदोनशे वर्षांनी उभा केलेला. त्याखाली गुलामीचा उल्लेख करणारी दुसरी पाटी लावायचं काही वर्षांपूर्वी ठरलं, आणि पाटीवरच्या शब्दांवरून इतकी ओढाताण झाली की २०१९ मध्ये ती लावणंच थांबलं. पुढच्या वर्षी, ७ जून २०२० ला, मोर्चाने पुतळा दोर लावून पाडला आणि बंदरात ढकलला. यानंतर शहराने जे केलं ते मला शिकण्यासारखं वाटतं. पुतळा पाण्याबाहेर काढला, अंगावरचे रंगाचे फराटे तसेच ठेवले, आणि २०२१ मध्ये एम शेड संग्रहालयात आडवा मांडून लोकांना विचारलं, की आता याचं काय करायचं? बहुतेकांनी संग्रहालयातच ठेवा म्हटलं. पाडणाऱ्यांवर खटला झाला, ज्युरीने चौघांना निर्दोष सोडलं. त्या न लागलेल्या पाटीची गोष्ट मी प्रत्येक कार्यशाळेत सांगतो. पाटीवरच्या शब्दांची घासाघीस कंटाळवाणी असते, समित्यांच्या बैठका लांबतात, चहा संपतो. पण ती घासाघीस पुरी झाली नाही की मग दोर येतो.

जर्मनीत हिशेब सर्वांत जड, आणि तो सरकारने आपणहून काढला असं आपल्याला बाहेरून वाटतं. पुष्कळ ठिकाणी तसं झालेलं नाही. बर्लिनमध्ये गेस्टापोचं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचं, मुख्यालय जिथे होतं ती जागा युद्धानंतर सपाट केली गेली. बर्लिनच्या भिंतीला लागून पडलेल्या त्या मोकळ्या जमिनीवर राडारोडा टाकला जाई, आणि एका भागात परवाना नसलेल्यांना गाडी चालवायला जागा दिलेली होती. मे १९८५ मध्ये तिथल्या नागरिकांच्या गटांनी फावडी घेऊन त्या जागेवर खणायला सुरुवात केली. ‘इतिहास कार्यशाळा’ म्हणवणारे हे गट. त्यांत शिक्षक, विद्यार्थी, शेजारपाजारचे लोक होते. ते खणणं प्रतीकात्मक होतं, पण पुढच्या वर्षी रीतसर उत्खनन झालं तेव्हा तळघरांचे अवशेष खरोखरच सापडले. १९८७ मध्ये बर्लिनच्या ७५० व्या वर्षानिमित्त तिथे तात्पुरतं प्रदर्शन मांडलं. ते पुढे हललंच नाही. ‘टोपोग्राफी ऑफ टेरर’ हे त्याचं नाव, आणि आजची इमारत २०१० ची. म्हणजे फावडं ते इमारत, पंचवीस वर्षं.

जर्मनीतलंच दुसरं काम तुम्ही पाहिलं असेल. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९२ पासून नाझींच्या बळींच्या शेवटच्या राहत्या घरासमोर, फुटपाथमध्ये पितळी पत्र्याचे छोटे दगड बसवायला सुरुवात केली. दहा सेंटिमीटरचा चौकोन, ‘इथे राहत होते’, नाव, जन्मसाल, कुठे नेलं, काय झालं. २०२३ मध्ये एक लाखावा दगड बसला. दगडामागचं काम बहुधा त्या गल्लीतली शाळा किंवा रहिवासी करतात: नगरपालिकेची दप्तरं बघायची, वंशज शोधायचे, खर्च उचलायचा. त्यामुळे इतिहासाचा आकार एका घराएवढा होतो आणि तो नाकारणं अवघड जातं. तरीही म्युनिक शहराने सार्वजनिक रस्त्यावर हे दगड बसवू दिलेले नाहीत. तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्ष शार्लोट क्नोब्लोख यांचं म्हणणं असं, की ज्यांना एकदा पायदळी तुडवलं त्यांची नावं पुन्हा लोकांच्या पायांखाली नकोत. काही बळींच्या वंशजांना मात्र दगड हवे होते. दोघांचा अधिकार सारखाच. शहराने शेवटी भिंतीवरच्या पाट्या आणि खांब असा मार्ग काढला. यात बरोबर कोण, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

हीच कल्पना रशियात गेली तेव्हा तिचं काय झालं तेही बघा. २०१४ पासून ‘शेवटचा पत्ता’ नावाच्या उपक्रमात स्टालिनच्या काळात घरातून उचलून नेलेल्यांच्या नावाच्या पत्र्याच्या पाट्या इमारतींवर लावल्या जाऊ लागल्या. पाटीत फोटोच्या जागी रिकामा चौकोन कापलेला. घरात आज राहणाऱ्यांची संमती घ्यायची, मगच पाटी. पण वरचं राज्य उलट दिशेने चाललं होतं. पर्मजवळच्या जुन्या श्रमछावणीतलं पर्म-३६ हे संग्रहालय कार्यकर्त्यांनी उभं केलेलं. ते २०१४-१५ च्या सुमारास प्रशासनाने ताब्यात घेतलं आणि सांगण्याचा सूर बदलला. दडपशाहीच्या बळींची नोंद ठेवणारी ‘मेमोरियल’ संस्था डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने बंद करवली. पोलंडमध्येही ग्दान्स्कचं दुसऱ्या महायुद्धाचं संग्रहालय मार्च २०१७ मध्ये उघडलं आणि पुढच्याच महिन्यात सरकारने संचालक बदलले.

दक्षिण आफ्रिकेवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या कामाशी ते सर्वांत जवळ आहे. केपटाउनच्या मध्यभागातली डिस्ट्रिक्ट सिक्स ही सगळ्या रंगांची, धर्मांची, गोदी कामगारांची, शिंप्यांची, दुकानदारांची वस्ती. तिच्यात रत्नागिरीकडून गेलेले कोकणी मुसलमानही होते. फेब्रुवारी १९६६ मध्ये सरकारने ती ‘गोऱ्यांसाठी’ जाहीर केली. पुढच्या पंधराएक वर्षांत साठ हजारांवर माणसं शहराबाहेरच्या वाळूच्या सपाटीवर हलवली गेली, घरांवर बुलडोझर फिरले. चर्च आणि मशिदी तेवढ्या उरल्या. जागा मात्र बरीचशी रिकामीच राहिली, कारण विरोध इतका होता की तिथे बांधायला फारसं कोणी पुढे येईना.

डिसेंबर १९९४ मध्ये तिथल्या एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये प्रदर्शन भरलं. जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा अंथरलेला, आणि वर टांगलेल्या खऱ्या रस्त्यांच्या पाट्या. या पाट्या पाडकाम करणाऱ्यांपैकी एकाने फेकून द्यायच्या ऐवजी घरी जपून ठेवल्या होत्या. लोक आले, नकाशावर गुडघे टेकून बसले आणि आपलं घर कुठलं ते लिहू लागले. अमक्याचं दुकान, तमक्याची न्हाव्याची गादी, इथे आम्ही क्रिकेट खेळायचो. कापडाच्या ताग्यावर निरोप लिहिले, नंतर बायकांनी त्यावर भरतकाम केलं. प्रदर्शन थोड्या दिवसांसाठी होतं. लोक येतच राहिले म्हणून त्याचं संग्रहालय झालं. आणि तो नकाशा नुसता आठवणींचा राहिला नाही. १९९४ च्याच कायद्याने वर्णभेदात गेलेली जमीन परत मागायचा हक्क दिला होता, आणि दावा करायचा तर कोण कुठे राहत होतं हे सांगावं लागतं. दावे अजून पुरे निकाली निघालेले नाहीत. संग्रहालय आहे आणि परतलेली कुटुंबं थोडी आहेत, ही त्याची कडू बाजू. माझ्या ओळखीतले काही जण या संग्रहालयाचं नाव काढलं की गहिवरतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिथे वाट दाखवणारे बरेचसे मार्गदर्शक त्या वस्तीतलेच होते, आणि ते पगारावर होते. मंडेलांना जिथे ठेवलं होतं त्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगातही माजी कैदीच तुरुंग दाखवतात. ज्याचं दुःख त्याच्याकडून फुकट सांगून घेणं ही आपल्या व्यवसायाची फार जुनी खोड आहे.

न्यूझीलंडमध्ये तर पब्लिक हिस्टरी सरळ न्यायाच्या कामाला जुंपलेली आहे. ६ फेब्रुवारी १८४० ला वैतांगी इथे ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचे, प्रमुख यांच्यात करार झाला, आणि पुढच्या काळात तो सतत मोडला गेला. १९७५ मध्ये करारभंगाच्या तक्रारी ऐकणारं वैतांगी ट्रायब्युनल स्थापन झालं. आधी ते फक्त त्यानंतरच्याच तक्रारी ऐकू शके. १९८५ मध्ये अधिकार मागे १८४० पर्यंत नेले, आणि एका दमात दीडशे वर्षांचा इतिहास दाव्याचा विषय झाला. इतिहासकारांना एकदम मागणी आली: दावेदारांकडून, सरकारकडून, ट्रायब्युनलकडूनही. एकाच जमिनीवर तीन बाजूंचे अहवाल, आणि त्यावर उलटतपासणी. विद्यापीठातल्या चर्चासत्रात आपण ‘असं म्हणता येईल’ म्हणून सुटतो. तिथे वकील विचारतो, म्हणता येईल की झालं?

सुनावण्या पुष्कळदा माओरींच्या सभास्थानी, त्यांच्या रिवाजाने होतात. वंशावळी म्हटल्या जातात, जुनी गाणी गायली जातात, आणि ती पुरावा म्हणून नोंदली जातात. नंतर तडजोडीची वेळ येते तेव्हा कागदात पैसे आणि जमिनीबरोबर इतिहासाचा एक भाग असतो, दोन्ही बाजूंना मान्य असलेला, शब्दाशब्दावर वाटाघाट करून लिहिलेला. १८६० च्या दशकातल्या युद्धानंतर वायकाटो भागातली जमीन जप्त झाली होती. त्याची तडजोड १९९५ मध्ये झाली: १७ कोटी डॉलरची भरपाई, आणि माफीचा मजकूर असलेल्या कायद्यावर राणी एलिझाबेथने स्वतः वेलिंग्टनमध्ये सही केली.

हे ऐकायला भारी वाटतं, पण त्याची किंमत तिथले इतिहासकारच सांगतात. दाव्याच्या साच्यात बसतं तेवढंच लिहिलं जातं. सरकारने काय केलं ते इंचाइंचाने तपासलं जातं. जमातींची आपापसातली भांडणं, बायकांचं आयुष्य, शहरात गेलेल्यांची पिढी, यांना दाव्यात जागा नसते. शंभर वर्षांपूर्वीच्या अधिकाऱ्याला आजच्या तत्त्वांवर तोललं जातं. आणि ‘मान्य इतिहास’ एकदा कायद्यात शिरला की पुढच्या संशोधकाने तो खोडायचा कसा? तरीही मला विचाराल, तर जगात आज या विषयाचं सर्वांत कसदार काम याच देशात झालं आहे. चुकीच्या वाक्याची भरपाई द्यावी लागते हे माहीत असलं की माणूस जपून लिहितो.

आपल्या शेजारी ढाक्याचं मुक्तियुद्ध संग्रहालय १९९६ मध्ये काही नागरिकांनी विश्वस्त होऊन, वर्गणी आणि घराघरातून आलेल्या वस्तू यांवर सुरू केलं. त्यांनी शाळांमध्ये जाऊन मुलांना एक काम दिलं: घरातल्या किंवा शेजारच्या मोठ्या माणसाला १९७१ मध्ये काय पाहिलं ते विचारा आणि लिहून पाठवा. अशी हजारो टिपणं जमा झाली. कमी खर्चात होणारं आणि आपल्याकडे उद्या करता येईल असं याहून चांगलं काम मला माहीत नाही. भोपाळमध्ये २०१४ साली वायुपीडितांच्या संघटनांनी उभारलेलं संग्रहालयही असंच: पीडितांच्या वस्तू, त्यांचे आवाज, आणि सरकारचा किंवा कंपन्यांचा पैसा घ्यायचा नाही हा निश्चय.

मग महाराष्ट्राचं काय? आपल्याकडे इतिहासात लोकांची कमतरता कधीच नव्हती. राजवाडे गावोगाव फिरून माळ्यावरची दप्तरं मागत होते. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं तेव्हा विद्यापीठातला इतिहास विभाग इथे दूरच होता. त्याच्याही आधी, १८६९ मध्ये, जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला. महाराजांवर कोणाचा हक्क, हा वाद तेव्हापासूनचा. कोरेगाव भीमाचा स्तंभ कंपनी सरकारने आपल्या विजयासाठी उभारला. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले आणि त्यावर कोरलेल्या महार सैनिकांच्या नावांना वेगळाच अर्थ आला. त्यासाठी कुठल्या संग्रहालयाची परवानगी लागली नाही. दरवर्षी तिथे आणि महाडला जाणारे लाखो लोक जे करतात ते पब्लिक हिस्टरीच आहे, कोणी त्याला तसं म्हणो न म्हणो. जात्यावरच्या ओव्यांचं संकलन घ्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांबरोबर खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. माओरींची गाणी न्यायासनापुढे पुरावा ठरतात हे वाचताना मला नेहमी त्या ओव्या आठवतात. नवऱ्याचा मार, माहेरचा रस्ता, गेलेलं शेत, बाबासाहेब, सगळं त्यात आहे. आपल्या कुठल्या पाठ्यपुस्तकाने त्या साधन म्हणून वापरल्या?

कमतरता आहे ती मधल्या टेबलाची. डिसेंबर २०१० मध्ये लाल महालातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा रात्री हलवला गेला. जानेवारी २०१७ मध्ये संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा अर्धपुतळा तोडून मुठेत टाकला, ब्रिस्टलच्या साडेतीन वर्षं आधी. दोन्ही वेळा एका बाजूने विजय आणि दुसऱ्या बाजूने अपमान असंच बोललं गेलं. कागदपत्रं काय सांगतात, गडकऱ्यांच्या नाटकातल्या संभाजीराजांना पिढ्यान्‌पिढ्या खरं का मानलं गेलं, कोणाला त्याचा कधीपासून राग होता, हे दोघांना एका टेबलाशी बसवून, आणि त्या जागेवरच मांडता आलं असतं. आपले इतिहासकार अशा वेळी वृत्तपत्रात लेख लिहितात. मीही लिहिले आहेत. टेबल मांडणं हे वेगळं काम आहे आणि त्याचं शिक्षण इथे फार थोड्या ठिकाणी मिळतं. बेंगळुरूच्या सृष्टी संस्थेतलं पब्लिक हिस्टरीचं केंद्र हा त्यातला ठळक प्रयत्न.

आता तुमची कोयना. कुठे शिकावं हे कामावरून ठरवा. संग्रहालयाचं तंत्र, लिखापढी, निधीचे अर्ज शिकायचे तर अमेरिका. विस्थापन आणि हक्क यांचं काम करायचं तर केपटाउन किंवा न्यूझीलंडकडे बघा. तिथली शिष्यवृत्ती मिळाली नाही तरी त्यांचे अहवाल वाचता येतात. पण आधी एका गोष्टीची तयारी ठेवा. कोयनेचे लोक सातारा, सांगली, सोलापूरपासून खाली कोकणात रायगड-ठाण्यापर्यंत विखुरलेत, आणि अनेकांचा हिशेब साठ वर्षांनंतरही मिटलेला नाही. तुम्ही वही घेऊन गेलात की पहिला प्रश्न येईल, ‘ह्यातनं धरणग्रस्ताचा दाखला मिळंल का?’ नाही मिळणार, हे पहिल्याच दिवशी सांगा. मग विचारा, की तुम्हाला या कामातून काय हवंय? कोणाला पुनर्वसन कार्यालयातल्या संकलन यादीत, म्हणजे विस्थापित कुटुंबांच्या यादीत, नाव चुकलंय ते दाखवायचं असेल, कोणाला फक्त ग्रामदेवतेच्या जत्रेचं वर्णन नातवंडांसाठी हवं असेल. यातलं काही तुमच्या प्रबंधात बसणार नाही. ते तरी करा.

काम नकाशापासून सुरू करा. चार-पाच म्हाताऱ्या माणसांना एकत्र बसवून गावठाण काढायला सांगा: आळ्या, विहीर, देऊळ, खळी, पाणवठे, महारवाडा कुठे होता, स्मशानं किती होती. भांडणं होतील, ती नोंदवा. एकमत करायला जाऊ नका. बायकांची बैठक वेगळी घ्या, नाहीतर पुरुष मंडळी त्यांची वाक्यं पुरी करतात. गावाबरोबर कोण गेलं आणि नव्या वसाहतीत कोणाला कडेची जागा मिळाली, हे जातीचं उत्तर कोणी पहिल्या भेटीत देत नाही. ध्वनिमुद्रणाची लेखी संमती घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. उतरवलेला मजकूर घेऊन परत जा, वाचून दाखवा आणि त्यांना नको असलेलं काढा, तुम्हाला ते कितीही मोलाचं वाटलं तरी. एक प्रत वसाहतीतल्या शाळेत ठेवा. सरकारी कागदही सोडू नका. भूसंपादनाचे निवाडे, जुने सातबारे, मोबदल्याच्या याद्या यांच्याशी आठवणी ताडून बघा आणि जिथे मेळ बसत नाही तिथे दोन्ही लिहा.

आणि हे परदेशी अर्ज भरायच्या आधी करा. धरणाचं काम चालू असताना जी मुलगी पंधरा वर्षांची होती ती आज ऐंशीच्या घरात आहे. विद्यापीठांचे अर्ज दरवर्षी निघतात.